ओक्राकोक बेटावर सुट्टीसाठी राहायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या किनाऱ्यापुढे समुद्रात वाळूच्या लांबट बेटांची एक रांग आहे, तिला आउटर बँक्स म्हणतात. ओक्राकोक त्याच रांगेतलं. बेटावर एकच गाव आहे आणि कायमची वस्ती जेमतेम आठशेची. मुख्य भूमीला जोडणारा पूल नाही. तिथे चार-सहा दिवस निवांत राहावं असं ज्यांच्या मनात आहे, ते बहुतेक हेच प्रश्न विचारतात. माझं मत आधीच सांगून टाकते: इथलं वेळापत्रक वारा, पाणी आणि फेरीबोट मिळून ठरवतात. ज्यांना हे मान्य आहे त्यांना बेट फार आवडतं. ज्यांना प्रत्येक तासाचा कार्यक्रम आखल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांनी दुसरीकडे जावं.

बॅरिअर आयलंड म्हणजे काय? आणि त्याचा माझ्या सुट्टीशी काय संबंध?

फार जवळचा संबंध आहे. बॅरिअर आयलंड म्हणजे किनाऱ्याला समांतर पसरलेला वाळूचा अरुंद पट्टा. त्याखाली खडक नसतो. लाटा आणि वारा ही वाळू सतत हलवत असतात. मोठ्या वादळात समुद्राचं पाणी वाळूच्या टेकड्या फोडून पलीकडे जातं आणि जाताना वाळू मागच्या बाजूला नेऊन टाकतं. असं होत होत सगळं बेटच हळूहळू मुख्य भूमीकडे सरकतं.

ओक्राकोकच्या एका बाजूला अटलांटिक महासागर आहे, दुसऱ्या बाजूला पॅम्लिको साउंड. साउंड म्हणजे उथळ, पण अफाट पसरलेली खाडी. शेजारचं हॅटरस बेट आणि ओक्राकोक यांच्यामधली आजची समुद्राची वाट, म्हणजे हॅटरस इनलेट, १८४६ च्या वादळात उघडली. त्याच वाटेतून आज फेरी जाते. पूर्वी या फेरीला सुमारे चाळीस मिनिटं लागायची. पुढे वाटेत वाळू साचली, जवळचा मार्ग सोडून द्यावा लागला, आणि आता वळसा घालून जायला तासभर लागतो. बेटावर हायवे १२ हा एकच मुख्य रस्ता आहे, तोही वादळात वाळूखाली जातो. घर कुठे घ्यायचं, विमा काढायचा की नाही, परतीच्या दिवशी किती लवकर निघायचं, या सगळ्यांची मुळं या सरकत्या वाळूत आहेत.

तिथे पोहोचायचं कसं?

गाडीसकट जायचं तर तीन वाटा आहेत, तिन्ही राज्य सरकारच्या फेरीबोटींच्या.

उत्तरेकडून येणाऱ्यांसाठी हॅटरसची फेरी. ती मोफत आहे, तासाभराची आहे, आणि तिला आरक्षण नसतं. जो आधी रांगेत लागेल तो आधी चढेल. ती बेटाच्या उत्तर टोकाला सोडते. तिथून गाव साधारण १३ मैलांवर, म्हणजे बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे.

दक्षिणेकडून सीडर आयलंडची फेरी, सव्वादोन तासांची. पश्चिमेकडून स्वान क्वार्टरची, अडीच तासांहून थोडी जास्त. या दोन्हींना तिकीट आहे, गाडीच्या लांबीप्रमाणे पैसे पडतात, आणि आरक्षण करता येतं. उन्हाळ्यात ते करायलाच हवं. सुटायच्या अर्धा तास आधी धक्क्यावर हजर राहा, नाहीतर तुमची जागा दुसऱ्याला जाते. या फेऱ्या थेट गावात, सिल्व्हर लेक नावाच्या छोट्या बंदरात लागतात.

राज्याची राजधानी असलेल्या रॅली शहराकडून येणाऱ्यांना मी स्वान क्वार्टर किंवा सीडर आयलंड सुचवते. प्रवास लांबचा वाटतो, पण अडीच तास गाडी चालवायची नसते. डेकवर जा, रेलिंगला टेकून उभं राहा. मुलं बोटीच्या मागे येणाऱ्या समुद्रपक्ष्यांत रमतात. व्हर्जिनियातल्या नॉरफोक शहराकडून किंवा न्यू जर्सीकडून येणार असाल तर हॅटरसची वाट सरळ पडते.

याशिवाय हंगामात हॅटरसहून फक्त माणसांसाठीची बोट थेट गावात येते. तिला तिकीट आहे आणि गाडी हॅटरसलाच ठेवावी लागते. कमी सामान घेऊन दोन-तीन दिवसांसाठी येणाऱ्यांना ती सोयीची.

हॅटरसच्या फेरीला फार रांग असते का?

जून ते ऑगस्टमध्ये सकाळी उशिरा आणि दुपारी असते. एका दिवसासाठी येणारे लोक त्याच वेळी बेटाकडे निघतात आणि दुपार कलली की सगळे एकदम परततात. पहाटेची किंवा संध्याकाळनंतरची फेरी धरलीत तर बऱ्याचदा फारसं थांबावं लागत नाही. पाणी, खाणं आणि मुलांसाठी काहीतरी विरंगुळा हाताशी ठेवा. गाडीत सामान असं भरा की ते डिकीच्या तळातून उपसावं लागणार नाही.

विमानाने जाता येतं का?

बेटावर छोटी धावपट्टी आहे, पण ती खासगी विमानांसाठी. नियमित विमानसेवा नाही. नॉरफोक किंवा रॅली-डरहॅमला उतरून गाडी भाड्याने घ्यावी आणि फेरी गाठावी. विमान दुपारी उतरणार असेल तर त्याच दिवशी बेटावर पोहोचण्याचा हट्ट धरू नका. वाटेत मुक्काम करा.

कोणता महिना चांगला?

माझी पसंती सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर मध्य. पाणी अजून उबदार असतं, शाळा सुरू झाल्यामुळे गर्दी ओसरलेली असते, भाडी उतरतात. अडचण एकच: चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो आणि सप्टेंबर हा त्यातला सर्वांत जोराचा काळ. मुलांच्या शाळेमुळे उन्हाळ्यातच जाता येत असेल तर जूनचा पहिला पंधरवडा बघा. एप्रिल-मेमध्ये हवा छान असते, पाणी मात्र गार. हिवाळ्यात बरीच हॉटेलं आणि दुकानं बंद असतात, फेऱ्याही कमी होतात. पण शिंपल्यांसाठी वेड्या असलेल्या माणसांना तेव्हाच यायला आवडतं.

वादळ आलं तर काय होतं?

वादळ येणार असं दिसलं की काउंटीकडून, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाकडून, बेट सोडण्याचा आदेश निघतो, आणि आधी पर्यटकांना बाहेर काढतात. आदेश निघाला की वाद घालू नका, "उद्या बघू" म्हणू नका. वारा वाढला की फेऱ्या थांबतात आणि मग बेटावरून निघायला वाट उरत नाही.

हे मी इतकं जोर देऊन का सांगते, ते २०१९ वरून कळेल. त्या वर्षी ६ सप्टेंबरला डोरियन चक्रीवादळ बेटावरून गेलं. आधी वाऱ्याने साउंडमधलं पाणी मुख्य भूमीच्या दिशेने रेटलं. वादळ पुढे सरकताच वारा फिरला आणि तेच पाणी उलटून गावावर आलं, खाडीच्या बाजूने, समुद्राच्या नव्हे. पाणी सुमारे सात फूट चढलं, तेही पाहता पाहता. घरं, शाळा, दुकानं पाण्यात गेली. पर्यटकांसाठी बेट पुन्हा उघडायला डिसेंबर उजाडला. गावात फिरताना नव्याने उंच खांबांवर चढवलेली घरं दिसतील, ती त्या सकाळनंतरची.

कारण दर वेळी वादळच असतं असंही नाही. जुलै २०१७ मध्ये उत्तरेकडे पुलाचं काम चालू असताना जमिनीखालच्या वीजवाहिन्या तुटल्या. भर हंगामात हॅटरस आणि ओक्राकोकवरची वीज गेली आणि पर्यटकांना परत जावं लागलं.

म्हणून प्रवासविमा काढा, आणि घर बुक करतानाच काढा. वादळाला नाव मिळाल्यावर घेतलेला विमा त्या वादळासाठी लागू होत नाही. सक्तीने बेट सोडावं लागलं तर उरलेल्या रात्रींचे पैसे मिळतात का, हे कलम शोधून वाचा. घरमालकाच्या करारात परतफेड असेलच असं गृहीत धरू नका.

समुद्रासमोरचं घर मिळेल का?

नाही, आणि माझ्या मते हेच या बेटाचं भाग्य आहे. गाव खाडीच्या बाजूला, सिल्व्हर लेकभोवती आहे. गावाबाहेरचं जवळजवळ सगळं बेट केप हॅटरस नॅशनल सीशोर या राखीव राष्ट्रीय किनारपट्टीत येतं. या सीशोरला अमेरिकी काँग्रेसने १९३७ मध्ये मंजुरी दिली. तिथे बांधकाम नाही. महासागराच्या बाजूला मैलोन्‌मैल एकही हॉटेल, एकही बाल्कनी दिसत नाही, फक्त वाळूच्या टेकड्या आणि गवत. समुद्राकडे जायला गावातून मैल-दीड मैल सायकल मारावी लागते. सूर्योदय महासागरावर, सूर्यास्त खाडीवर. खाडीकडे तोंड असलेलं घर मिळालं तर संध्याकाळी कुठे जायचं हा प्रश्नच उरत नाही.

घर बुक करताना काय विचारून घ्यावं?

उन्हाळ्यात बरीच घरं आठवड्यानेच मिळतात, शनिवार ते शनिवार किंवा रविवार ते रविवार. आधी वार पक्का करा, मग फेरीचं आरक्षण करा, उलटं नको.

आईवडील सोबत असतील तर पहिला प्रश्न जिन्याचा. पुरामुळे घरं खांबांवर असतात आणि दारापर्यंत पंधरा-वीस पायऱ्या चढाव्या लागतात. फोटो समोरून काढलेला असतो, त्यात जिना किती उंच आहे याचा अंदाज येत नाही. पायऱ्या किती, कठडा दोन्ही बाजूंनी आहे का, सामान वर न्यायला लिफ्ट आहे का, हे स्पष्ट विचारा. गुडघ्याचं दुखणं असलेल्या माणसाची सुट्टी या एका गोष्टीवर अवलंबून असते.

मग बाकीचं. चादरी-टॉवेल भाड्यात आहेत का (अनेक ठिकाणी नसतात), बाहेर अंघोळीची जागा आहे का, सायकली आहेत का, डासांची जाळी लावलेला व्हरांडा आहे का. शेवटच्या गोष्टीचं महत्त्व डासांच्या प्रश्नात कळेल. सांडपाणी घरोघरच्या सेप्टिक टाकीत जातं, त्यामुळे टॉयलेटमध्ये कागदाशिवाय काही टाकू नका, लहान मुलांचे वाइप्स तर मुळीच नाही.

तंबूत राहता येईल का?

हो. नॅशनल पार्क सर्व्हिसचा कॅम्पग्राउंड वाळूच्या टेकड्यांमागे, समुद्राला लागून आहे. १३६ जागा आहेत, आरक्षण ऑनलाइन होतं. गावापासून चारेक मैल. सावली नाही. साध्या खुंट्या वाळूत धरत नाहीत, लांब खुंट्या न्या. उन्हाळ्यात दुपारी तंबूत बसवत नाही, आणि वारा पडला की डास येतात. सप्टेंबर सरता सरता मात्र इथे झोपण्यासारखं सुख नाही. उजेड इतका कमी असतो की चंद्र नसलेल्या रात्री आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते.

बेटावर गाडी लागते का?

गावात नाही. गाव सायकलने किंवा पायी सहज फिरता येतं आणि भाड्याने गोल्फ कार्टही मिळतात. कार्ट चालवायला वाहन परवाना लागतो, आणि ती गावाबाहेरच्या हायवेवर नेता येत नाही. घोडे, कॅम्पग्राउंड, दूरचे किनारे यांसाठी गाडी हवी.

वाळूवर गाडी चालवायला पार्क सर्व्हिसचा वेगळा परवाना काढावा लागतो, उन्हाळ्यात रात्री तिथे गाडी नेता येत नाही, आणि चाकांतली हवा बरीच कमी करावी लागते. भाड्याच्या गाडीच्या करारात बहुधा वाळूवर नेण्याला मनाई असते. रुतलेली गाडी ओढून काढण्याचा खर्च सुट्टीच्या हिशेबात कुणी धरत नाही, तेव्हा मोह टाळलेला बरा.

जेवणाचं काय? शाकाहारी माणसाची सोय होते?

मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. गावात मच्छीमारांचं स्वतःचं मासळी केंद्र आहे. ताजे मासे, कोळंबी, कालवं घरी आणून शिजवता येतात. क्लॅम चावडर, म्हणजे शिंपल्यांचं सूप, इथे पातळ रश्शाचं करतात, दुधा-सायीचं नाही. गावात अंजिराची झाडं दारोदारी आहेत, आणि अंजिराच्या मुरांब्याचा केक ही इथली खास चीज. तो चुकवू नका.

शाकाहारी माणसाची हॉटेलात पिझ्झा, सॅलड, तळलेले बटाटे यांपलीकडे फारशी गंमत नाही. किराण्याचं दुकान आहे, पण लहान, आणि सगळा माल फेरीने येत असल्यामुळे महाग. डाळ, तांदूळ, कणीक, मसाले, चहा घरून आणा. छोटा कुकर आणा. आठवडाभराची भाजी मुख्य भूमीवरच घ्या. लहान बाळाचं दूध किंवा विशिष्ट औषधं बेटावर मिळतील या भरवशावर येऊ नका.

समुद्रात पोहणं सुरक्षित आहे का?

सावध राहिलात तर. लाटा सुंदर असतात, पण रिप करंट, म्हणजे किनाऱ्यापासून आत ओढणारे प्रवाह, इथे नेहमीचे आहेत. जीवरक्षक एकाच किनाऱ्यावर असतात, तेही साधारण मेअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत. स्टीफन लेदरमन हे किनाऱ्यांचा अभ्यास करून दरवर्षी अमेरिकेतल्या उत्तम किनाऱ्यांची यादी काढतात. त्यांनी २००७ आणि २०२२ मध्ये याच किनाऱ्याला पहिला क्रमांक दिला होता. मुलं सोबत असतील तर तिथेच जा. प्रवाहात सापडलात तर किनाऱ्याकडे थेट पोहण्याची धडपड करू नका. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाच्या बाहेर पडा, मग वळा.

अगदी लहान मुलांना आणि पाण्याची भीती असणाऱ्यांना खाडीची बाजू बरी. पाणी उथळ आणि संथ. तिथे चंद्राच्या भरती-ओहोटीपेक्षा वाऱ्याने पाणी जास्त चढतं-उतरतं.

डास खरंच इतके आहेत?

आहेत. पावसानंतर, वारा पडल्यावर आणि तिन्हीसांजेला विशेष. पूर्ण बाह्यांचे पातळ कपडे आणि चांगलं मलम ठेवा. समुद्रावर वारा असतो तेव्हा त्रास जवळजवळ नसतो. गवताळ, ओलसर भागात तो लगेच जाणवतो.

अनवाणी चालण्याबद्दलही इथेच सांगते. वाळूच्या टेकड्यांमागच्या गवतात आपल्याकडच्या सराट्यासारखी काटेरी बोंडं असतात. ती तळव्यात रुततात, काढायला गेलात की बोटाला टोचतात, आणि चपलेला चिकटून घरात येऊन गालिच्यात दबा धरून बसतात. ठरवून दिलेल्या लाकडी वाटेवरूनच समुद्राकडे जा. टेकड्यांवर चढायला तशीही मनाई आहे, कारण त्यांवरचं गवतच वाळू धरून ठेवतं.

पाहण्यासारखं काय आहे?

यादी लहान आहे. १८२३ चा पांढरा दीपस्तंभ अजून चालू आहे. वर चढता येत नाही, पण जवळ जाऊन जरूर पाहा. गावाबाहेर सातेक मैलांवर बँकर, म्हणजे आउटर बँक्सचे, घोडे आहेत. ते पूर्वी बेटभर मोकळे हिंडायचे. हायवे झाल्यावर, १९५९ मध्ये, त्यांना मोठ्या कुंपणात ठेवलं. दुपारी ते दूर सावलीत असतात, सकाळी गेलेलं बरं. त्यांना खायला घालू नका.

हॉवर्ड स्ट्रीट ही माझी सर्वांत आवडती जागा. कच्चा वाळूचा रस्ता, दोन्ही बाजूंना जुने लाइव्ह ओक. वाऱ्याने त्यांच्या फांद्या एकाच दिशेला वाकवल्या आहेत. कुंपणांना लागून घराण्यांच्या जुन्या स्मशानभूमी आहेत, दगडांवर तीच ती चार-पाच आडनावं पुन्हा पुन्हा दिसतात. ही खासगी जागा आहे, कुंपणाबाहेरूनच पाहा.

ब्रिटिश स्मशानभूमीही चुकवू नका. ११ मे १९४२ ला जर्मन पाणबुडी यू-५५८ ने एचएमटी बेडफर्डशर हे ब्रिटिश जहाज या किनाऱ्याजवळ बुडवलं. जहाजावरचं कोणीच वाचलं नाही. चार खलाशांचे देह ओक्राकोकला लागले आणि गावकऱ्यांनी त्यांना इथे पुरलं. दरवर्षी मे महिन्यात तिथे मानवंदना होते.

ब्लॅकबिअर्ड हा समुद्री चाचा २२ नोव्हेंबर १७१८ ला याच बेटाजवळच्या पाण्यात मारला गेला. तो जिथे नांगर टाकायचा ती जागा स्प्रिंगर्स पॉइंटच्या राखीव जंगलातून दिसते. तिथे गाडी लावायला जागा नाही, सायकलने जा.

पोर्ट्समथला जावं का?

वेळ असेल तर नक्की. समोरच्या बेटावर १७५३ मध्ये वसवलेलं हे बंदराचं गाव होतं. शेवटचे दोन रहिवासी १९७१ मध्ये गेले. चर्च, टपाल कार्यालय, काही घरं पार्क सर्व्हिसने जपून ठेवली आहेत. ओक्राकोकहून छोट्या बोटी नेतात. तिथे दुकान नाही, पिण्याचं पाणी नाही, आणि डास ओक्राकोकहून भयंकर. परतीच्या बोटीची वेळ नीट ठरवून घ्या.

शिंपले, शेकोटी, कासवं यांचे काही नियम आहेत का?

रिकामे शिंपले घरी न्यायला हरकत नाही. आत जीव असेल तर परत पाण्यात सोडा. स्कॉच बॉनेट हा राज्याचा अधिकृत शंख इथे सापडू शकतो, वादळी वाऱ्यानंतरच्या पहाटे आणि लोक उठण्याआधी.

किनाऱ्यावर शेकोटीला मोफत परवाना काढावा लागतो आणि उन्हाळ्यात ती ठरावीक ठिकाणीच करता येते, कारण तेव्हा समुद्री कासवं रात्री वाळूत अंडी घालायला येतात. मुलांनी खणलेले खड्डे संध्याकाळी बुजवा. अंडी घालायला आलेली मादी किंवा पाण्याकडे निघालेली पिल्लं त्यांत अडकतात. खुर्च्या, तंबू रात्री मागे ठेवू नका, बॅटरीचे झोत पाण्यावर टाकू नका. पक्ष्यांच्या घरट्यांसाठी दोऱ्या लावून बंद केलेला भाग असेल तर लांबून वळसा घाला.

कुणी आजारी पडलं तर?

गावात आरोग्य केंद्र आहे, रुग्णालय नाही. गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरने मुख्य भूमीवर नेतात. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं, आणि रोजची औषधं मुक्कामापेक्षा आठवडाभर जास्तीची जवळ ठेवावीत.

कुत्रा नेता येतो का? फोन चालतो का?

कुत्रा चालतो, किनाऱ्यावर सहा फुटांपर्यंतच्या दोरीने बांधलेला. घर मात्र तसं शोधावं लागेल. फोन गावात चालतो, दूरच्या किनाऱ्यावर भरवसा नाही. नकाशे आणि फेरीचं आरक्षण आधीच उतरवून ठेवा.

एका दिवसात पाहून होईल का?

दीपस्तंभ, घोडे आणि जेवण होईल. पण फेरीच्या रांगेत दिवसाचा मोठा तुकडा जातो, आणि बेट खऱ्या अर्थाने शांत होतं ते दिवसाचे पाहुणे परतल्यावर. किमान तीन रात्री राहा. पाच मिळाल्या तर त्यांतल्या दोन दिवसांना काहीच ठरवू नका.

निघण्याच्या दिवशी काय लक्षात ठेवावं?

आदल्या रात्री फेरी विभागाची सूचना आणि वाऱ्याचा अंदाज पाहा. त्याच दिवशी विमान असेल तर पहिली फेरी धरा. शक्य असेल तर विमानाच्या आदल्या दिवशीच बेट सोडा. हॅटरसची रांग लांब दिसली तर स्वान क्वार्टर किंवा सीडर आयलंडच्या फेरीत जागा शिल्लक आहे का, हे गावातल्या फेरी कार्यालयात विचारा. गाडी घराबाहेर काढण्याआधी टाकीत पेट्रोल आहे ना तेही बघा. पहाटे पंप उघडलेला नसतो.